कसाऱ्याच्या चार हद्दी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. इगतपुरीजवळचा सुमारे आठ किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा याच टप्प्यात येतो. घाट ओलांडायला लागणारा वेळ त्यामुळे काही मिनिटांवर आला. तेव्हापासून ‘कसारा घाट आता इतिहासजमा’ अशा अर्थाचे लिखाण वरचेवर वाचनात येते. त्यात कसारा गावाचा उल्लेख एक तर लोकलचे शेवटचे स्टेशन म्हणून असतो, नाही तर पावसाळी सहलीचे ठिकाण म्हणून. ठाणे जिल्ह्याच्या वेशीवरच्या या गावाची ठाण्यातल्या वाचकांना याहून बरीच अधिक ओळख असायला हवी, म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, पण विषय चार ओळींत मावणारा नाही.

नकाशात कसाऱ्याच्या वर एकच तुटक रेघ दिसते. इकडे ठाणे, तिकडे नाशिक. जमिनीवर मात्र चार हद्दी आहेत: कारभाराची, रुळांची, खडकाची आणि पाण्याची. या चारही हद्दी एकमेकींवर बसत नाहीत. कसाऱ्याचे बरेचसे प्रश्न या न जुळण्यातून आलेले आहेत, आणि ते सोडवायला बसलेला माणूस दर वेळी कारभाराचीच रेघ तेवढी हातात घेतो.

खरे तर कारभाराची रेघ चारही हद्दींत सगळ्यात नवी आणि सगळ्यात चंचल. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी घाटमाथ्याचा मुलूख नगरच्या कारभारात होता. घाटाखालच्या पट्ट्याला जुने नाव कोळवण. महादेव कोळ्यांची वस्ती, त्यावरून ते पडले. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या राघोजी भांगऱ्यांचा वावर नगर आणि ठाणे यांच्यामधल्या घाटवाटांत होता. त्यांना २ मे १८४८ रोजी फाशी दिली गेली ती ठाण्याच्या तुरुंगात. ठाण्यातल्या तुरुंगाजवळून रोज जाणाऱ्यांना कोळवणाशी असलेले हे नाते माहीत असायला हरकत नाही. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याकडे ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर असे सात तालुके उरले. शहापूर तालुक्यातले कसारा त्यामुळे तीन जिल्ह्यांच्या कोपऱ्यात येऊन पडले. गावातून विहीगावमार्गे खोडाळ्याला निघालेला माणूस पालघर जिल्ह्यात पोहोचतो, घाट चढलेला नाशिक जिल्ह्यात. महसुली विभागही बदलतो: घाटाखाली कोकण विभाग, घाटावर नाशिक विभाग.

माणसे मात्र ही रेघ पाळत नाहीत. बोलण्यात जिल्हा नसतोच, ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ एवढे दोनच मुलूख असतात. दोन्हीकडच्या उतारांवर नागली, वरई आणि खुरासणी, सपाटीला खाचरात भात. दिवाळी उलटली की भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जाणारी कुटुंबे शहापूरची असतात तशी पालघरमधल्या मोखाड्याचीही असतात. ‘जगायला जाणे’ हा त्यांचाच शब्दप्रयोग आहे. स्थलांतर या सरकारी शब्दापेक्षा तो कितीतरी नेमका आहे.

आता रुळांकडे येऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली गाडी ठाण्यापर्यंत आली. १ मे १८५४ ला रूळ कल्याणला, १ ऑक्टोबर १८५५ ला वासिंदला, फेब्रुवारी १८६० मध्ये आसनगावला आणि १ जानेवारी १८६१ ला कसाऱ्याला पोहोचले. पुढे घाट. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आखणीची ही चढण इगतपुरीपर्यंत खुली व्हायला १ जानेवारी १८६५ उजाडला. तोवर बर्कले हयात नव्हते. म्हणजे बरोबर चार वर्षे कसारा हे रुळांचे टोक होते, आणि ही चार वर्षे साधीसुधी नव्हती. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी कापूस तुटला आणि मुंबईच्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. कापसाच्या तेजीचा काळ आणि कसारा रुळांचे टोक असण्याचा काळ जवळपास एकच. नाशिक-खानदेशाकडून आग्रा रस्त्याने थळ घाट (कसारा घाटाचेच दुसरे नाव) उतरून आलेल्या बैलगाड्यांना रूळ पहिल्यांदा भेटायचे ते कसाऱ्याला. मुंबईच्या कापूस-तेजीबद्दल पुष्कळ लिहिले जाते. त्या गोष्टीत कसाऱ्याचे नाव यायला हवे.

घाट चढायला रेल्वेला काय करावे लागते, हे आजही कसारा स्टेशनात उभे राहून पाहता येते. कसारा ते इगतपुरी हे रुळांचे अंतर सुमारे १५ किलोमीटर आणि चढ ९७२ फूट, म्हणजे जवळपास ३०० मीटर. सरासरी काढली तर पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. पण सर्वांत तीव्र जागी हा चढ ३७ ला १ आहे. हा आकडा कागदावर किरकोळ वाटतो. २२ डब्यांची भरलेली गाडी इंजिनासकट १३०० टनांच्या आसपास भरते. तिला ३७ ला १ च्या चढावर नुसते जागेवर धरून ठेवायचे तरी ३५ टनांचा जोर लागतो. वर चाकांचे घर्षण आणि वळणांचा अडथळा वेगळा. आजचे प्रवासी गाड्यांचे दमदार विजेचे इंजिनही सुरुवातीला साधारण ३३ टनांपर्यंत ओढते, तेही कोरड्या रुळावर. पावसात रूळ ओले झाले की चाकांची पकड कमी होते, चाक जागच्या जागी फिरू लागते, आणि मग इंजिनातून चाकापुढे वाळू सोडावी लागते. एका इंजिनाने भागत नाही ते यासाठी.

म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ‘बँकर’ लागतात, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिने. ती पुढे का जोडत नाहीत? सगळी इंजिने पुढे लावली तर अख्ख्या गाडीचा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यावर येतो. ते तुटले तर मागचे डबे थेट कसाऱ्याकडे परत घरंगळतील. मागून ढकलले की ताण वाटला जातो आणि कपलिंग तुटलेच तरी मागे इंजिन उभे असते. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली, तेव्हा मालगाड्यांसाठी आलेल्या लांबट, मधून वाकणाऱ्या इंजिनांना कामगारांनी नाव दिले ‘खेकडा’. मूळ बांधणीत या घाटात तेरा बोगदे आणि सहा मोठे पूल होते. त्यातला एहेगावचा पूल दरीच्या तळापासून १८० फुटांहून अधिक उंच. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला आणून, उलट दिशेने पुढचा चढ चढावा लागे. पुढे मार्ग बदलून ती अडचण दूर केली.

अलीकडे बँकरशिवाय चढणाऱ्या गाड्याही आल्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये नाशिकमार्गे सुरू झालेली मुंबई-हजरत निजामुद्दीन राजधानी पुढे एक आणि मागे एक असे इंजिन लावून धावते. फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई-शिर्डी वंदे भारत तर इंजिनाशिवायच चढते. तिच्यात निम्म्या डब्यांखाली मोटारी असतात, त्यामुळे जोर एका टोकाला न येता गाडीभर वाटला जातो. उतारावर उभी राहिली तर धरून ठेवायला तिला वेगळे पार्किंग ब्रेकही दिलेले आहेत. पण बाकीच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या आजही बँकरवरच अवलंबून आहेत. घाट इतिहासजमा झाल्याचे लिहिणाऱ्यांनी एकदा कसाऱ्याच्या फलाटावर उभे राहून बँकर लागताना पाहावा.

उतरण चढणीपेक्षा अवघड. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक इगतपुरीला तपासल्याशिवाय ती सोडत नाहीत. तरीही ताबा सुटला तर काय, याचे उत्तर म्हणजे ‘कॅच सायडिंग’. मुख्य मार्गाला फुटणारा, चढावर जाणारा एक आंधळा फाटा. तिथल्या सांध्याची, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडाची, नेहमीची स्थिती या फाट्याकडेच वळलेली असते. गाडी ठरल्या जागी येऊन थांबली, ती चालकाच्या ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. सुटलेली गाडी थांबू शकत नाही, म्हणून ती आपोआप फाट्यावर जाते आणि चढावर तिचा वेग संपतो. धोका गृहीत धरूनच यंत्रणा लावायची आणि सुरक्षितता सिद्ध झाल्यावरच वाट मोकळी करायची, हे त्यामागचे तत्त्व. घाटरस्त्यावर नेमके याच्या उलट घडते. डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडायचा, सगळा भार ब्रेकवर घ्यायचा, ब्रेक तापले की धरत नाहीत, आणि पुढचे वळण आलेले असते. घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे.

रुळांची हद्द आणि जिल्ह्याची हद्द एक नाही, ती अशी. मुंबईची लोकल कसाऱ्याला संपते, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे १२१ किलोमीटरवर. पण विजेची हद्द कित्येक दशके इगतपुरीला होती. मुंबईकडून तिथपर्यंत १५०० व्होल्ट डीसी, पुढे २५ हजार व्होल्ट एसी. त्यामुळे इगतपुरीला बहुतेक गाड्यांचे इंजिन बदलावे लागे. या शतकाच्या पहिल्या दशकात ती सीमा पुसली गेली. कसाऱ्याची लोकलची सीमा मात्र राहिली. रोज नाशिककडून येणारे-जाणारे लोक स्टेशनाबाहेर शेअर टॅक्सीत बसतात आणि घाट रस्त्याने पार करतात. गावाचा अर्धा व्यवहार या बदलाच्या जागेवर चालतो. कसारा ‘शेवटचे स्टेशन’ आहे ते मुंबईकडून पाहणाऱ्याला. नाशिककराला ते पहिले आहे.

खडकाची हद्द कोणत्याही नकाशात सहसा दाखवत नाहीत, पण कसाऱ्यात ती डोळ्यांना दिसते. हा सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. भूशास्त्रज्ञांनी सह्याद्रीतल्या थरांचे गट पाडले तेव्हा तळच्या दोन गटांना नावे दिली जव्हार आणि इगतपुरी. दोन्ही या परिसरातलीच गावे. एका खास थराला तर थळ घाटाचेच नाव आहे. त्याचा हाताएवढा तुकडा उचलून पाहिला तर काळ्या दगडात पांढुरक्या, किंचित हिरवट छटेच्या चपट्या कांड्या रुतलेल्या दिसतात. काही भोपळ्याच्या बीएवढ्या, काही बोटाच्या पेराएवढ्या, आडव्यातिडव्या पडलेल्या. उन्हात तिरका धरला तर एकेक कांडी आरशासारखी चमकून विझते. हे फेल्डस्पारचे स्फटिक. लाव्हा वर येण्याआधी जमिनीखाली बराच काळ थांबला, तेवढ्या वेळात ते वाढले. कृपा करून असा तुकडा फोडून घरी आणू नये. रस्त्याच्या कडेला पडलेलाच पाहावा आणि तिथेच ठेवावा.

गावाच्या रोजच्या जगण्याशी संबंध येतो तो या स्फटिकांचा नव्हे, तर दोन थरांमधल्या लाल पट्ट्याचा. एक लाव्हा थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत वरचा भाग कुजून माती झाला, तिच्यावर पुढचा तापलेला थर बसला आणि ती भाजल्यासारखी लाल झाली. घाटात रस्ता कापला आहे तिथे काळ्या कातळाच्या मधून गेरूच्या रंगाची ही आडवी पट्टी लांबूनही ओळखू येते. कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. वरचा कातळ टणक आणि भेगाळलेला असतो. पावसाचे पाणी त्या भेगांतून उतरते आणि लाल पट्टीवर येऊन अडते, कारण ती चिकणमातीसारखी घट्ट असते, पाणी खाली जाऊ देत नाही. मग पाणी आडवे सरकते आणि डोंगराच्या कुशीत जिथे पट्टी उघडी पडते तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. डोंगराच्या अंगाला वसलेले पाडे नीट पाहिले तर बरेचसे एकाच उंचीवर, एका ओळीत दिसतात. ती ओळ झऱ्यांची आहे.

आणि याच पट्टीवरून दरड सुटते. सतत पावसात पट्टी भिजून मऊ होते, वरच्या कातळाचा पाया निसटतो, भेगांत साठलेले पाणी त्याला बाहेर ढकलते. पाणी देणारा आणि दरड पाडणारा थर एकच आहे, हे समजले की घाटातल्या अर्ध्या गोष्टींचा उलगडा होतो. २१ आणि २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत कसाऱ्याच्या अलीकडच्या उंबरमाळी स्टेशनात रूळ पाण्याखाली गेले आणि घाटात दरड आली, तेव्हा रेल्वे वाहतूक ठप्प झाली. रेल्वेच्या कागदोपत्री ‘नॉर्थ ईस्ट घाट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागात पावसाळ्यापूर्वी ‘हिल गँग’ डोंगरावर चढते, सैल झालेले धोंडे शोधते आणि गाड्या थांबवून ते मुद्दाम खाली पाडते. हे काम दोरावर लटकून, पहारीने, हाताने होते. घाटातून सुखरूप जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर या माणसांचे ऋण आहे.

चौथी हद्द पाण्याची, आणि ठाणेकरांचा खरा संबंध तिच्याशी आहे. घाटमाथ्यावर घाटनदेवीच्या परिसरात पडलेला पाऊस दोन वाटांनी जातो. पूर्वेकडे वाहिला तर दारणा, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. पश्चिमेला घसरला तर भातसा, काळू, उल्हास आणि आपली खाडी. पण ही सीमारेषा घाटाच्या कड्यावरूनच जाते असे समजणे चूक आहे. इगतपुरीच्या उत्तरेला वैतरणा नदी त्र्यंबकच्या डोंगरात, गोदावरीच्या उगमापासून जवळच उगम पावते आणि घाटमाथ्यावर बरेच अंतर कापून मग पश्चिमेला कोकणात उतरते. म्हणून नाशिक जिल्ह्यात पडलेला पाऊस ऊर्ध्व वैतरणेतून मुंबईला जातो. पाण्याला जिल्हा कळत नाही.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांचा एकूण उपयुक्त साठा १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. त्यातला एकट्या भातसाचा वाटा ७ लाख १७ हजार ३७ दशलक्ष लिटर, म्हणजे जवळपास निम्मा. तानसाचे १ लाख ४५ हजार ८० मिळवले, तर शंभरातले साठ लिटर शहापूर तालुक्यातल्या या दोनच धरणांत येतात. तानसा १८९२ पासून मुंबईची तहान भागवते आहे. भातसाचे पाणी नदीत सोडले जाते, पिसे येथे उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. ठाणे महापालिकेची स्वतःची योजनाही याच नदीवर आहे. नौपाड्यात किंवा घोडबंदर रस्त्याला नळ सोडला की जे पाणी येते, त्याचा काही भाग कसाऱ्याच्या कातळावरून घरंगळलेला असतो.

आणि तरीही फेब्रुवारी-मार्चपासून शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना टँकर लागतो. याचे कारण कमी पाऊस नव्हे. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कारणे दोन. उतार तीव्र असल्याने आणि काळ्या कातळात मुरायला फारशी जागा नसल्याने चार महिन्यांचा पाऊस चार महिन्यांतच निघून जातो. दुसरे असे की धरणे पाड्यांच्या खाली आहेत. धरणाच्या भिंतीआड अडलेले पाणी शंभर-दोनशे मीटर वरच्या पाड्याला उचलून द्यायचे, तर पंप, वीज, दुरुस्ती असा कायमचा खर्च येतो, आणि ग्रामपंचायतीचे वीजबिल थकले की पहिली बंद होते ती पाण्याची मोटार. शहरासाठी मात्र तेच पाणी पिसेपर्यंत नदीतून उताराच्या दिशेने आपोआप जाते. भांडण कुणाच्या हेतूचे नाही, उंचीचे आहे.

उंचीचेच भांडण असेल तर उत्तरही उंचीतच शोधले पाहिजे. इगतपुरी तालुक्यातले भावली धरण घाटावर आहे. तिथून शहापूर तालुक्यातली ९७ गावे आणि अडीचशेहून जास्त पाडे यांना नळाने, गुरुत्वाच्या जोरावर पाणी आणण्याची योजना बरीच वर्षे चर्चेत आणि कामात आहे. दारणेच्या, म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातले पाणी कारभाराची, खडकाची आणि पाण्याची अशा तिन्ही हद्दी ओलांडून कसाऱ्याकडे उतरणार आहे. पंप नको, वीज नको. या तालुक्याला याहून शहाणी योजना मिळालेली नाही. ती पूर्ण व्हावी यासाठी ठाण्यातल्या आणि मुंबईतल्या पाणी वापरणाऱ्यांनी आवाज उठवला पाहिजे, कारण तहानलेल्या पाड्यांच्या अंगणातून वाहणारे पाणी आपण पितो आहोत.

नळ येईपर्यंतचे काम झऱ्यांवर करता येते आणि त्याला फार पैसा लागत नाही. झरा मोजायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरते. बादली ५० सेकंदांत भरली, तर मिनिटाला १२ लिटर आणि दिवसाला १७ हजार २८० लिटर. तीनशे वस्तीच्या पाड्याला पिण्या-स्वयंपाकापुरते माणशी २० लिटर धरले तरी ६ हजार लागतात. म्हणजे हा झरा पाड्याला पुरून उरतो. एप्रिलमध्ये तोच झरा मिनिटाला तीन लिटरवर आला, तर दिवसाचे ४ हजार ३२० लिटर होतात, आणि त्यातले निम्मे रात्री, सगळे झोपलेले असताना, वाहून जातात. झऱ्याखाली पाच हजार लिटरची झाकणबंद टाकी बांधली तर रात्रीचे पाणी सकाळी हाती येते. हंडे घेऊन पहाटे तीनला उठणे टळते.

यात चुका होतात त्याही ठरलेल्या आहेत. पाणी वाढवायचे म्हणून झऱ्याचे तोंड पहारीने किंवा सुरुंगाने खोल करतात. त्यात खालची लाल पट्टी फुटते आणि पाणी खालच्या थरात निघून जाते; झरा गेला तो गेलाच. तोंडावर सिमेंटची विहीर घट्ट बांधतात, तेव्हा पाण्याचा दाब वाढून ते बाजूला भलतीकडे फुटते. सगळ्यात वाईट म्हणजे झऱ्याच्या वरच्या अंगाला बोअर मारणे. बोअरने पट्टीला भोक पडले की वर अडलेले पाणी त्या भोकातून खाली उतरते, बोअरलाही ते पुरत नाही आणि झराही आटतो. म्हणून समतल चर (उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे चर) खणायचे ते झऱ्याच्या वरच्या बाजूला, जिथे पाऊस मुरतो तिथे. झऱ्याच्या खाली कितीही चर खणले तरी त्या झऱ्याला थेंबाचा उपयोग नाही. सरकारी कामात जागा सोयीची म्हणून खालीच खणलेले चर पुष्कळ दिसतात.

पाड्यावर झरा नसेल तिथे छपराचे पाणी आहे. वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर दोन हजार मिलिमीटर पावसात चाळीस हजार लिटर पाणी पडते. पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज शंभर लिटर धरले, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना बारा हजार लिटर पुरतात. टाकी भरायची ती जुलै-ऑगस्टमध्ये, छप्पर पहिल्या पावसांत धुऊन निघाल्यावर. उजेड आणि डास आत जाता कामा नयेत. टाकीचे पाणी हिरवे होते ते उजेडाने.

आमची संबंधितांना विनंती नेमकी आहे. घाटात रेल्वे, महामार्ग आणि तीन जिल्ह्यांची प्रशासने आपापल्या हद्दीत पाऊस मोजतात किंवा मोजत नाहीत. घाटाच्या पायथ्याला, मध्यावर आणि माथ्यावर पर्जन्यमापके असावीत आणि त्यांचे तासातासाचे आकडे सगळ्यांना एकाच वेळी मिळावेत. भिजलेल्या लाल पट्टीला हद्द नाही, मग इशाऱ्याला का असावी? कसारा स्टेशनात १ जानेवारी १८६१ आणि १ जानेवारी १८६५ या दोन तारखा, घाटाचा चढ आणि बँकरचे काम सांगणारा एक मराठी फलक लावावा. लोकलमधून उतरणाऱ्या शाळेच्या मुलांना तो वाचता यावा अशा उंचीवर. आणि समृद्धीच्या बोगद्याच्या दोन्ही अंगांच्या पाड्यांवरचे झरे जागा, उंची आणि बादलीने मोजलेले पाणी अशा तीन रकान्यांत दर महिन्याला नोंदवले जावेत. डोंगराच्या पोटातून एवढे मोठे काम झाल्यावर झऱ्यांत फरक पडला की नाही, हे सांगायला दुसरा कोणताच पुरावा हाती राहणार नाही. नोंद पाऊस सरताच, ऑक्टोबरात सुरू करावी. मार्च उलटला की काही झरे आटलेले असतात, आणि आटलेल्या झऱ्याची जागा फक्त गावातल्या म्हाताऱ्या बायांनाच सांगता येते.

आपले,
भूगोल आणि इतिहास शिकवणारे काही शिक्षक,
ठाणे